मेलबर्नमध्ये एकच दिवस: लायब्ररी, म्युझियम, गॅलरी की एमसीजी?

मुलाकडे किंवा लेकीकडे मेलबर्नला आलेल्या आईबाबांना परतीच्या आठवड्यात आठवतं की शहर पाहायचं राहूनच गेलं. मग एका दिवसात सगळं उरकायची धांदल. चारही ठिकाणं गाठाल, पण रात्री आठवतील फक्त दुखणारे पाय. दोन निवडा.

माझं पहिलं मत स्टेट लायब्ररीला. ‘वाचनालयात काय बघायचं?’ असं म्हणून बरेचजण समोरच्या हिरवळीवर डबा खाऊन पुढे जातात आणि शहरातली सगळ्यात देखणी खोली हुकवतात. लायब्ररी 1856 ची, तिचं अष्टकोनी ला ट्रोब वाचन दालन 1913 चं. ते खालून बघून निघू नका. लिफ्टने अगदी वरच्या सज्जात जा. तिथून वाचकांची टेबलं चाकाच्या आऱ्यांसारखी दिसतात.

इथेच नेड केली या दरोडेखोराचं चिलखत आहे. नांगराच्या लोखंडी पत्र्यांतून घडवलेलं, वजन सुमारे 44 किलो. पाय मात्र उघडे राहिले होते. जून 1880 मध्ये ग्लेनरोवनच्या चकमकीत पोलिसांनी नेमके तिथेच नेम धरले. त्याला फाशी सुनावणारे न्यायाधीश रेडमंड बॅरी हेच या लायब्ररीचे एक संस्थापक. त्यांचा पुतळा दाराबाहेर, केलीचं चिलखत आत! केली 11 नोव्हेंबरला फासावर गेला आणि बारा दिवसांनी बॅरीही वारले. फाशी झाली तो जुना तुरुंग रसेल स्ट्रीटवर, चालत काही मिनिटांवर. तिथे तिकीट लागतं, लायब्ररी फुकट.

नातवंडं बरोबर असतील तर मात्र वाद नको, कार्लटन गार्डन्समधलं मेलबर्न म्युझियम. मोठ्यांना तिकीट, मुलांना फुकट. अर्धा दिवस हाताशी ठेवा. ‘हॉरिडस’ हा ट्रायसेराटॉप्स डायनोसॉरचा सांगाडा प्लास्टरचा नाही, खऱ्या जीवाश्म हाडांचा आहे, जवळपास 87 टक्के पूर्ण. मुलं तिथून हलत नाहीत. मोठी माणसं रेंगाळतात ती फार लॅपपाशी. 1930 चा मेलबर्न कप जिंकणारा हा घोडा 1932 मध्ये कॅलिफोर्नियात मेला. त्याचं कातडं पेंढा भरून इथे उभं आहे, हृदय कॅनबेरात आणि सांगाडा न्यूझीलंडमध्ये. भावकीत जमिनीचे होतात तसे घोड्याचे वाटे झाले. वेळ कमी पडला तरी मूलनिवासींचं बुंजिलाका दालन टाळू नका. या शहराची गोष्ट गोऱ्यांपासून सुरू होत नाही, हे तिथे कळतं. शेजारच्या 1880 च्या रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगमध्ये 9 मे 1901 रोजी ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संसदेचं उद्घाटन झालं. ती बाहेरून पाहिलीत तरी चालेल.

सेंट किल्डा रोडवरची एनजीव्ही, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया, थकलेल्यांसाठी. कायमचा संग्रह फुकट. दारातल्या काचेवरून पाणी वाहतं, त्याला हात लावल्याशिवाय कोणी आत जात नाही. आत लेनर्ड फ्रेंच यांचं रंगीत काचांचं छत आहे. लोक खुशाल जमिनीवर उताणे पडून ते बघतात, तुम्हीही पडा. पिकासोचं ‘वीपिंग वुमन’ 1986 मध्ये इथूनच चोरीला गेलं आणि पुढे रेल्वे स्टेशनच्या लॉकरमध्ये सापडलं. चित्रांची फारशी गोडी नसेल तर तासाभरात बाहेर पडाल.

राहिलं एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. क्रिकेट पाहत नसाल तर पैसे वाचवा, रिकामं मैदान म्हणजे शेवटी गवत आणि खुर्च्या. पण 1981 मध्ये पायचीत दिल्यावर चिडलेले गावसकर चेतन चौहानांना घेऊन मैदान सोडायला निघाले ते इथेच. संघाच्या मॅनेजरनी चौहानांना सीमेवरून परत पाठवलं आणि भारताने ती कसोटी 59 धावांनी जिंकली. अ‍ॅडलेडला 36 धावांत गारद झाल्यावर, डिसेंबर 2020 मध्ये, अजिंक्य रहाणेने 112 काढून मालिका फिरवली तीही इथेच. ज्यांना हे तोंडपाठ आहे त्यांनी म्युझियम सोडून इकडे यावं. टूर सामन्याच्या दिवशी नसते, तेवढं आधी बघा.

लायब्ररी फुकट ट्रामच्या हद्दीत येते. म्युझियम आणि एनजीव्हीचे थांबे हद्दीबाहेर. दोन्हीकडे थोडं चालायची तयारी असेल तर तिकिटाची गरज नाही. माझी जोडी विचाराल तर सकाळी लायब्ररी, दुपारी म्युझियम. घरात क्रिकेटवेडे बाबा असतील तर दुपारी एमसीजी, आणि आईंना एनजीव्हीच्या छताखाली सोडा.