नाण्याची कड तपासायला: दहापटी भिंग की यूएसबी मायक्रोस्कोप?

चांदीचे रुपये जमवायला लागलं की पहिल्या वर्षभरात कुठेतरी कडेवरून अडतंच. साल दिसतं, राजा दिसतो, टांकसाळीची खूणही सापडते. पण कडेवर एक टोचणारा उंचवटा असतो, त्याला बर म्हणतात. विकणारा म्हणतो, "टांकसाळीतूनच असं आलंय." आपल्याला वाटतं, कुणीतरी कानस मारलीय. मग भिंग घ्यायचं ठरतं आणि घ्यायला गेलं की मन मायक्रोस्कोपकडे ओढतं, कारण त्याच्या खोक्यावर १०००पट छापलेलं असतं. मी दोन्ही घेतलीत. मायक्रोस्कोप आधी घेतला, तिथेच चुकलो असं वाटतं. अर्थात मी भुसावळात जन्मभर फिटरकाम केलेला माणूस, त्यामुळे माझं मत थोडं हाताकडे झुकणार, हे धरूनच वाचा.

आधी बर कशाला म्हणायचं ते बोलू, कारण उपकरण त्यावरच ठरतं. पत्र्यातून चकती तोडली की पंच चकतीच्या ज्या बाजूला टेकतो त्या बाजूला तिच्या कडेवर धारदार ओठ राहतो. खरी बर ती. नाण्याच्या चकतीची कड नंतर दाबून उचलतात, चकती भट्टीत नरम करतात, मग ठसा बसतो. एवढ्यातून ती बर बहुतेक वेळा दबून जाते. उरलीच तर कडेवर दुमडलेल्या चपट्या पापडासारखी दिसते.

पण बाजारात ज्याला बर म्हणतात ते पुष्कळदा वेगळंच असतं. ठसा पडताना धातू ठसा आणि भोवतालची कॉलर (चकतीला बाहेर पसरू न देणारं कडं) यांच्यामधल्या फटीत चढतो आणि कडेच्या अगदी बाहेरच्या टोकाला कागदाएवढी पातळ भिंत उभी राहते. मी तिला पापुद्रा म्हणतो. तो एका ठिपक्यापुरता नसतो, कडेच्या बऱ्याच लांबीवर धावतो. तिसरा प्रकार फुगवट्याचा. ठशाचाच तुकडा कडेला तुटलेला असला तर तिथे धातूचा सपाट गोळा येतो आणि त्या जागेची नक्षी गायब असते. हे तिन्ही टांकसाळीतले दोष. नाणं पडून बसलेला टवका, कानशीचे ओरखडे आणि झाळकाम हे नंतरचे उद्योग.

यातून एक ठोकताळा मला फार उपयोगी पडला. पापुद्रा सगळ्यात आधी झिजतो. राजाच्या मुकुटावरची नक्षी सपाट झालेली आणि कड मात्र नखाला टोचतेय, असा रुपया दिसला तर ती बर टांकसाळीतली असणं अवघड आहे. ती अलीकडची. (नख फक्त कडेवर फिरवा, चेहऱ्यावर नको. कडेवर फिरवलेलंही जाणत्या संग्राहकांना आवडत नाही, पण जन्माची सवय.)

आपल्या खानदेशात ही 'अलीकडची बर' जास्त भेटते त्याला कारण आहे. सातपुड्यातल्या बायकांच्या गळ्यात रुपयांचे हार पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हारात ओवायला रुपयाच्या डोक्यावर कडी झाळायची. पुढे हार मोडला की कडी तोडायची आणि ती जागा कानशीने घासून द्यायची. नंदुरबार-शहाद्याकडून आलेल्या रुपयांत मी पहिल्यांदा राजाच्या मुकुटावरची कडच बघतो. बाकी नाणं नंतर.

आणि नेमकं तिथेच मायक्रोस्कोपने मला दगा दिला.

सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजाराच्या कडेला एक माणूस सतरंजीवर नाणी मांडून बसला होता. त्याच्याकडून पंचम जॉर्जचा १९१८चा रुपया घेतला. घरी येऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला, लॅपटॉपवर पाहिलं, तर कडेवर पांढऱ्या चमकत्या गाठींची रांग. पोटात गोळाच आला. बर म्हणावी तर इतकी सारखी कशी? नाणं फिरवलं तर गाठी जागच्या जागी, नाणंच खालून सरकतंय! मोजल्या तर आठ. मायक्रोस्कोपच्या तोंडाशी गोल बसवलेले दिवेही आठच. गुळगुळीत गोलसर चांदीच्या कडेत प्रत्येक दिवा आपलं तोंड बघत होता. दिवे मंद करायचं चाक फिरवलं तर चित्रच काळवंडलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी चुकलो म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या आठ ठिपक्यांच्या झगमगाटात मुकुटाच्या वरची खरी भानगड लपली होती. दोन महिन्यांनी जळगावात ओळखीच्या एका म्हाताऱ्या सराफांना मी लॅपटॉपसकट तो रुपया दाखवला. ते म्हणाले, "नानं देखी ऱ्हायना का शिनेमा, भाऊ?" लॅपटॉप बाजूला सारला, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं, नाणं दारातल्या उजेडाकडे थोडं कलतं धरलं आणि अंगठ्याने फिरवत नेलं. मुकुटाशी अंगठा थांबला. तिथे तीन-चार दाते बुजलेले, धातूचा रंग बाकीच्या चांदीपेक्षा किंचित करडा, आणि बाजूला कानशीच्या तिरक्या रेघा. कडी होती. मी हारातलं नाणं चांगल्या नाण्याच्या भावात घेतलं होतं.

नंतर विचार केला की सराफांना दिसलं आणि मला का नाही. फरक पटीचा नव्हता, सावलीचा होता. उजेड एका बाजूने आला की उंचवट्याची सावली पलीकडे पडते, खड्डा असला तर उजेडाकडचीच बाजू काळी दिसते. बर आहे की टवका, हे सावली सांगते. गोल दिव्यांचा उजेड चहूकडून येतो, सावली पडूच देत नाही. मग पडद्यावर उंच आणि खोल सारखंच दिसतं, आणि शंभरपट मोठं केलं तरी सारखंच दिसतं. उलट पट वाढवली की कड स्पष्ट केली तर चेहरा धूसर आणि चेहरा स्पष्ट केला तर कड धूसर.

दातेरी धार बघायची तर नाणं उभं करावं लागतं. मायक्रोस्कोपच्या स्टँडखाली उभं राहत नाही. मी कणकेच्या गोळ्यात रोवून पाहिलं. घरात त्यावर जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. भिंगात हा प्रश्नच नाही. भिंग डोळ्याशी, नाणं इंचभर अंतरावर, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत गरगर फिरवा. जुन्या रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास आणि माझ्या भिंगाची काच १८ मिलिमीटरची, म्हणजे पूर्ण नाणं एकदम दिसत नाही. पण कड बघायला पूर्ण नाणं हवंय कुणाला? १९४०नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयांत धारेवर सुरक्षेची खाच असते, तिच्यात मळ साचतो आणि झाळकाम वाटतं. तोही भिंगात रंगावरून वेगळा कळतो.

मायक्रोस्कोपवर अन्याय नको. नाणी दुसऱ्या गावच्या माणसाला विकायची असतील, व्हॉट्सॲपवर कडेचा फोटो पाठवायचा असेल, तर भिंग काही कामाचं नाही. हात थरथरत असतील किंवा एका डोळ्याने बघताना डोकं दुखत असेल, तर पडदा बराच. ठशाची तडा गेलेली रेघ, तारखेवर दुसरी तारीख उमटलेली, असल्या चेहऱ्यावरच्या गोष्टी त्यात सुरेख दिसतात. आणि माझा सतराशे रुपयांतला होता. महागड्यात दिवे एकेक बंद करता येत असतील तर माझी अर्धी तक्रार गळून पडेल. मी शेवटी दिव्यांच्या अर्ध्या गोलावर काळी टेप चिकटवली, तेव्हा थोडी सावली मिळाली. पण वीज हवी, लॅपटॉप हवा, टेबल हवं. आठवडे बाजारात सतरंजीपुढे उकिडवं बसून यातलं काय करणार?

तुम्ही बुऱ्हाणपूरच्या मुघल रुपयांकडे वळणार असाल, तर हा सगळा वादच बाजूला ठेवा. ती नाणी हातोड्याने पाडलेली, कॉलरच नाही. कड वेडीवाकडीच असणार आणि तिच्यावर सराफांनी खरेखोटेपणा पाहायला मारलेले ठसेही असणार. तिथे टांकसाळीच्या नावाची अक्षरं चकतीवर किती आलीत याला किंमत, बरेला नाही. अकबराने १६०१मध्ये असीरगड घेतला तेव्हाची ससाण्याच्या छापाची मोहोर कुणी दाखवायला आणली, तर मात्र भिंग-मायक्रोस्कोप दोन्ही ठेवून सरळ जाणकाराकडे जा.

बाकी ब्रिटिश रुपयांसाठी मी तरी भिंगाकडे झुकेन, तेही दहापटीच. दोनशे रुपयांच्या घडीच्या भिंगावर तीसपट छापलेलं असतं, त्याला भुलू नका. जळगावात सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडे तीन काचांचं दहापटी मिळतं, मला सहाशेला पडलं. घेताना आलेख कागदाचा तुकडा खिशात न्या. चौकटीच्या रेघा काचेच्या काठाला वाकल्या किंवा त्यांना जांभळी-पिवळी किनार दिसली, तर दुसरं मागा.