दोन कोअर आहेत, मग आरटीओएस एक चालवायची की दोन?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चक्कर मारली की ईएसपी३२ नाहीतर रास्पबेरी पाय पिको असा मायक्रोकंट्रोलर बोर्ड सहज हातात येतो, दोन्हीत दोन-दोन कोअर, म्हणजे कोड चालवणारे दोन प्रोसेसर, आणि प्रोजेक्ट जरा मोठं झालं की प्रश्न पडतोच, दुसऱ्या कोअरला कामाला लावायचं कसं, आणि आरटीओएस, म्हणजे टास्क (कामं) वेळच्या वेळी चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टम, दोघांना मिळून एक की वेगळी. आमचं काम साकीनाक्याच्या एका गाळ्यातल्या मशीनच्या मोटर कंट्रोलरचं होतं, दर 1 मिलिसेकंदाला मोटर सांभाळणारा कंट्रोल लूप आणि त्याच चिपवर डिस्प्ले, मॉडबस (दुसऱ्या यंत्रांशी बोलायची पद्धत), सेटिंग सेव्ह करणं, सगळंच. आम्ही एसएमपी आणि एएमपी दोन्ही करून बघितलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

एसएमपी म्हणजे दोन्ही कोअरवर मिळून एकच कर्नल (आरटीओएसचा गाभा), टास्कची रांग एकच, जो कोअर मोकळा तो पुढचं टास्क उचलतो. फ्रीआरटीओएस या प्रसिद्ध आरटीओएसमध्ये हे आधी वेगळ्या ब्रँचमध्ये होतं, डिसेंबर 2023 मध्ये व्हर्जन 11 आली तेव्हा मुख्य कोडमध्ये आलं. ईएसपी३२वाले त्याच्याही आधीपासून स्वतःची बदललेली फ्रीआरटीओएस वापरतात, झेफिर या दुसऱ्या आरटीओएसमध्येही एसएमपी आहे. एएमपीमध्ये प्रत्येक कोअरचा कारभार वेगळा, एकावर आरटीओएस तर दुसऱ्यावर साधा लूपसुद्धा चालतो, आणि बोलायचं ते शेअर्ड मेमरी, मेलबॉक्स किंवा फिफोमधून (आधी आलेला मेसेज आधी देणारी रांग).

काही वेळा निवड चिपच करून टाकते. एसटीएम३२एच७४५ घेतलात तर एक कोअर 480 मेगाहर्ट्झचा एम७ आणि दुसरा 240 चा एम४, कोअरच वेगवेगळ्या जातीचे, तिथे एसएमपी विसराच. तिथला त्रास वेगळा, एम७ ने लिहिलेला मेसेज त्याच्या डेटा कॅशमध्येच (कोअरच्या जवळच्या तात्पुरत्या मेमरीत) अडकतो आणि एम४ जुनाच डेटा वाचत बसतो, त्यामुळे शेअर्ड भाग एमपीयूमधून (मेमरीच्या भागांचे नियम ठरवणारं हार्डवेअर) नॉन-कॅशेबल, म्हणजे कॅशमध्ये न जाणारा, करून घ्या, पहिल्याच दिवशी.

पिकोवर मात्र दोन्ही पर्याय खुले आहेत आणि आम्ही आधी एसएमपी घेतलं, कारण जुना सिंगल कोअरचा कोड जवळपास तसाच बिल्ड झाला. बिल्ड झाला म्हणजे बरोबर झाला असं नाही हे दोन दिवसांनी कळलं. जुन्या कोडमध्ये बऱ्याच ठिकाणी गृहीत धरलं होतं की वरच्या प्रायॉरिटीचं टास्क चालू असताना खालचं चालणारच नाही, म्हणून लॉक (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारी कडी) घातलाच नव्हता, आता दोन्ही टास्क खरोखर एकाच वेळी चालायला लागली आणि स्पीडचा आकडा अधूनमधून अर्धा जुना अर्धा नवा यायचा. फ्रीआरटीओएसमध्ये वेगवेगळ्या प्रायॉरिटीची टास्क एकत्र चालू न देण्याची सेटिंग आहे, जुना कोड आणताना सुरुवातीला तीच ठेवा, पण मग दुसरा कोअर बराच वेळ रिकामा बसतो हेही धरून चला. इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्ये घुसणारे सिग्नल) बंद केले की आपण सुरक्षित, ही सवयही सोडावी लागते, ते फक्त आपल्या कोअरवर बंद होतात. पिकोच्या एम०+ कोअरला एक्सक्लुझिव्ह लोड-स्टोअरच्या (मध्ये दुसरा कोअर घुसला तर ते कळणाऱ्या) इन्स्ट्रक्शनच नाहीत, म्हणून चिपमध्ये 32 हार्डवेअर स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत थांबायला लावणारे लॉक) दिलेत, सी मधलं व्होलाटाइल लावून भागत नाही.

सगळ्यात जास्त विचार करायला लावला जिटरने, म्हणजे लूपची वेळ मागेपुढे होण्याने. कंट्रोल टास्क एका कोअरला पिन केलं, म्हणजे तिथेच बांधून ठेवलं, की झालं असं आम्हाला वाटलं होतं, पण कर्नलचे लॉक दोन्ही कोअरमध्ये सामाईक, डिस्प्लेचं टास्क क्यूमध्ये काही टाकत असेल आणि त्याच क्षणी कंट्रोल टास्कने कर्नलला हाक मारली तर त्याला थांबावंच लागतं. पिन केल्याने टास्क कुठे चालणार ते ठरतं, लॉकची वाट बघणं काही टळत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, तुमची कामं बरीच, सारख्या तोलामोलाची आणि थोडं मागेपुढे झालं तरी चालणारी असतील, नेटवर्क, लॉगिंग, स्क्रीन वगैरे, तर एसएमपी घ्या, एकच बिल्ड, एकच डीबग सेशन, डोक्याला ताप कमी. पण एकच लूप असा असेल जो चुकला तर मशीन चुकतं, तर त्याला एएमपीमध्ये स्वतःचा कोअर द्या.

आम्ही शेवटी तेच केलं, कोअर 0 वर सिंगल कोअर फ्रीआरटीओएस, कोअर 1 वर नुसता लूप, मध्ये 8 मेसेजचा हार्डवेअर फिफो. तरीही सेटिंग सेव्ह केली की लूप अडकायचा. पिकोची फ्लॅश, म्हणजे कोड आणि सेटिंग साठवायची मेमरी, दोघांची मिळून एकच, सेव्हसाठी इरेज चालू असताना तिथून कोणीच कोड चालवू शकत नाही, त्यामुळे अख्खा लूप रॅममध्ये हलवला. तरी अडकतच होता. मॅप फाइल (कोणती गोष्ट कुठल्या मेमरीत गेली ते दाखवणारी) उघडून एकेक ओळ बघितली तेव्हा सापडलं, लूपचं फंक्शन रॅममध्ये होतं पण ते ज्या साइन टेबलमधून आकडे उचलत होतं ते कॉन्स्ट (न बदलणारं) असल्यामुळे फ्लॅशमध्येच राहिलं होतं. ते हलवलं, लूपच्या सुरुवातीला चिपची एक पिन टॉगल करून लॉजिक अ‍ॅनालायझर (सिग्नलच्या वेळा दाखवणारं यंत्र) लावला, सेव्हचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं, आणि दर मिलिसेकंदाची खूण जागच्या जागी पडत राहिली.