५६ एपीओला (फौजेच्या पोस्ट ऑफिसला) घरचं पार्सल पाठवायचंय? एका फौजीचा रिव्ह्यू

नवीन भरती झालेल्या पोरांच्या घरचे हमखास विचारतात, पोराला खायला पाठवायचं तर कशाने पाठवू. सरळ सांगतो, पोस्टाने पाठवा. माझ्या घरच्यांनी एकदा प्रायव्हेट कुरिअरला दिलं होतं, नाव घेत नाही, काउंटरवाल्याने पैसे घेतले, पावती फाडली आणि काही दिवसांनी खोका घरी परत, शेरा काय तर म्हणे पत्ता अपूर्ण. अरे त्या पत्त्यात गाव नसतंच! नंबर, रँक, नाव, युनिट, मार्फत ५६ किंवा ९९ एपीओ आणि ९ ने सुरू होणारा पिन, संपला पत्ता. युनिट कुठल्या डोंगरावर बसलंय हे पाकिटावरून कुणाला कळू नये म्हणूनच तर ही सगळी सिस्टीम.

आर्मी पोस्टल सर्व्हिसची वेगळी कोर, म्हणजे फौजेतली स्वतंत्र शाखा, १९७२ पासून आहे, सेंटर आपल्या नागपूरजवळ कामठीला. त्यातले बरेच जण मूळचे पोस्ट खात्यातलेच, डेप्युटेशनवर वर्दी चढवून आलेले, त्यामुळे गावाकडच्या पोस्टमनसारखेच वाटतात, फक्त बूट जड.

वेळेचं मात्र काही सांगू नका. खाली मैदानात असलो तर लवकर मिळतं, वर डोंगरातल्या चौकीवर बर्फ पडला, रस्ता बंद झाला की डाक आणि आपण दोघं जागच्या जागी. म्हणून पाचातला एक स्टार कापला, त्यात चूक कुणाचीच नाही म्हणा.

पण रोल कॉलनंतर नाव पुकारलं की जी मजा आहे ती व्हिडिओ कॉलला नाही, आणि वर रेंज तरी कुठे असते. आईने जुन्या चादरीच्या कापडात शिवलेलं पार्सल, टाके वाकडेतिकडे, शेंगदाण्याच्या चटणीचं तेल कापडातून फुटून माझ्या नावावर आलेलं. सुरीने टाके उसवेपर्यंत पंजाबी, तमिळ, गढवाली सगळे खाटेभोवती गोळा, 'मराठे, क्या आया?' लाडू त्याच रात्री संपले, चटणी लंगरच्या (फौजी मेसच्या) डाळीत टाकून पुरवून खाल्ली.

पाठवताना चटणी दोन पिशव्यांत बांधा, पत्ता पक्क्या शाईच्या मार्करने कापडावर लिहा आणि तोच पत्ता कागदावर लिहून आतही टाका. सेंट, स्प्रे, लायटर असलं काही घालू नका, पोस्टात चालत नाही. सणाचं असेल तर महिनाभर आधी पाठवा.