नाशिकवरून ईबेवर तिकिटं विकणं: माझा रिव्ह्यू

ईबे म्हणजे ऑनलाइन खरेदी-विक्रीची आणि लिलावाची साइट. तिथे पैसे मिळतात का? मिळतात, पण ज्याला आपला माल कळतो त्यालाच. मी पोस्टाची जुनी तिकिटं विकतो, राहायला नाशिकरोडला, आणि इथली तिकिटं छापणारी सरकारी सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, त्याआधी आपली तिकिटं लंडनहून छापून यायची. बाहेरचे कलेक्टर नाशिकची छपाई वेगळी ओळखतात, तिला वेगळं गिऱ्हाईक आहे, याचा मला खरंच अभिमान वाटतो.

बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, ईबे इंडिया ऑगस्ट २०१८ मध्येच बंद झालं. आता आपण विकतो ते ग्लोबल साइटवर, म्हणजे सरळ एक्स्पोर्ट, त्यामुळे आयईसी कोड (आयात-निर्यातीचा सरकारी नंबर) काढा, पैसे पेओनियर नावाच्या पेमेंट कंपनीमधून येतात, आणि नवीन अकाउंटला सुरुवातीला किती माल टाकायचा याचं लिमिट असतं, ते हळूहळू वाढतं.

लिलावाची सिस्टीम मला फार आवडते. गिऱ्हाईक आपली मॅक्सिमम किंमत आत टाकून ठेवतो आणि साइट त्याच्या वतीने थोडी थोडी बोली वाढवते. म्हणजे एकाने ५० डॉलर टाकले, दुसऱ्याने ३०, तर वस्तू ३१ ला जाते, ५० ला नाही! म्हणून जाणकार दोघं तरी पाहिजेत, नाहीतर चांगला माल मातीमोल जातो. २१ नोव्हेंबर १९४७ चं साडेतीन आण्याचं झेंड्याचं तिकीट, स्वतंत्र भारताचं पहिलं, बाजारात भरपूर आहे, ते लिलावात टाकूच नका, फिक्स प्राइसला लावा. लिलाव ठेवायचा दुर्मिळ वॉटरमार्क (कागदातच उमटवलेली खूण), छपाईतली चूक, असल्या मालाचा. आणि भाव ठरवताना लोक काय मागतायत ते बघू नका, सोल्ड आयटम्सचा फिल्टर लावा, खरी विक्री तिथे दिसते.

फोटोवर जीव ओता. तिकीट काळ्या फरशीच्या तुकड्यावर पालथं ठेवायचं, बेंझिनचा एक थेंब टाकला की कागदातले वॉटरमार्कचे तारे वर येतात, तो फोटो टाकायचा, गोंदाची बाजू दाखवायची, कडेचा एखादा दात तुटलेला असेल तर तोही झूम करून. लपवलं की माल परत येतो आणि फीडबॅक खराब होतो, तो भरून निघायला लय वेळ लागतो.

आता न आवडलेलं. फी फक्त विक्रीवर नाही, शिपिंगसकट सगळ्या रकमेवर कापतात, हे धरूनच भाव लावा. बोली जिंकून पैसे न देणारे भेटतातच, चार दिवस थांबून ऑर्डर कॅन्सल करायची आणि परत लावायची, डोकं फिरतं. अमेरिकेचं तर २०२५ च्या ऑगस्टपासून अवघड झालंय, तिथली ८०० डॉलरपर्यंतची ड्युटीमाफी गेली, मधे पोस्टाने बुकिंगच बंद ठेवलं होतं, ऑक्टोबरमध्ये सुरू झालं.

गोदाघाटावर बुधवारच्या बाजारातून जुनी नाणी उचलून विकायचा विचार असेल तर थांबा. १०० वर्षांच्या वरचं नाणं देशाबाहेर पाठवणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसत नाही. नाण्यांचं शिकायचंच असेल तर आपल्या अंजनेरीला नाणेशास्त्राची अख्खी संस्था आहे, आधी तिथे जाऊन या.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो फीसाठी.