छोटी टर्बो पेट्रोल गाडी घेताय? आधी नवले पूल ते कात्रज बोगदा चढवून बघा

आम्ही पुण्यात धायरीला राहतो आणि माझं माहेर साताऱ्याला. नवरा हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो त्यामुळे गाडी जवळजवळ मीच चालवते, मुलीचे क्लास, सासूबाईंचे दवाखाने, भाजी आणि महिन्यातून दोनदा सातारा. जुनी गाडी १.२ लिटरची साधी पेट्रोल हॅचबॅक होती, ११ वर्षं वापरली, शहरात काही म्हणजे काही तक्रार नव्हती. पण साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट लागायचा (येताना बोगदा होता, जाताना मात्र घाट चढावाच लागायचा) आणि पाच माणसं, डिकीत सामान, मे महिन्यातलं ऊन अशी वेळ आली की मी एसी बंद करायचे, दुसरा गिअर टाकायचे आणि मागून ट्रकवाला हॉर्न मारत राहायचा. दरवेळी सासूबाई वरचं हँडल धरून बसायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत पण हात सोडायच्या नाहीत. तेव्हाच ठरवलं की पुढची गाडी टर्बो.

मग शोधायला लागले तर कळलं की छोट्या गाड्यांमध्ये सगळी टर्बो पेट्रोल इंजिनं १ लिटर नाहीतर १.२ ची का असतात. आपल्याकडे ४ मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर टॅक्स कमी लागतो. आधी तो २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस असा होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ १८ झाला. म्हणून कंपन्या इंजिन छोटंच ठेवतात आणि जास्तीची ताकद टर्बोने काढतात. सायलेन्सरकडे वाया जाणारा गरम धूर एक छोटा पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो, हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येतं. एवढंच आहे. पण यातच त्याची मर्यादाही आली, धूरच कमी असेल म्हणजे इंजिन हळू फिरत असेल तर पंखा फिरणार कशाने? त्यालाच लॅग म्हणतात आणि मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते मुख्यतः या लॅगसाठीच, कारण ब्रोशरवर तो कुठेच लिहिलेला नसतो.

ब्रोशर कसं वाचायचं ते आधी सांगते. सगळे पीएस (इंजिनाची एकूण ताकद) बघतात, तुम्ही टॉर्क (ओढण्याचा जोर, एनएममध्ये मोजतात) बघा आणि तो किती आरपीएमला (इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय) मिळतो ते बघा. सगळ्यात चांगलं उदाहरण मारुतीच्या फ्रॉन्क्सचं, कारण एकाच गाडीत दोन्ही इंजिनं मिळतात. १.२ चं साधं इंजिन जवळपास ९० पीएस आणि ११३ एनएम, पण ते ११३ मिळतात ४४०० आरपीएमला. १ लिटर टर्बो १०० पीएस आणि १४७.६ एनएम, आणि ते २००० पासून ४५०० पर्यंत सलग. पीएसमध्ये फरक फक्त दहाचा आहे, कागदावर बघून वाटतं एवढ्यासाठी कशाला जास्त पैसे द्या, पण घाटात तुम्ही गाडी ४४०० ला फिरवत नाही, दोन-अडीच हजारावर असता, आणि तिथे दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता टेस्ट ड्राइव्ह. मी एकूण पाच गाड्या चालवल्या आणि पहिल्याच शोरूममध्ये (नाव घेत नाही) अनुभव असा की तो मुलगा सगळी माहिती माझ्या नवऱ्याकडे बघून सांगत होता, गाडी कोण चालवणार असं विचारलंसुद्धा नाही, आणि ड्राइव्ह म्हणजे शोरूमच्या मागचा सपाट सर्व्हिस रोड, पंधरा मिनिटं, मधे दोन स्पीड ब्रेकर. मी म्हणाले चढावर न्यायची आहे तर म्हणे, "मॅडम, अलाउड नाहीये, पण काळजी करू नका, टर्बो आहे, उडते गाडी." मला उडणारी गाडी नको होती. मला भरलेली गाडी चढावर थांबवून परत उचलता यायला हवी होती. आम्ही तिथून उठलो.

नंतर जिथे जिथे गेले तिथे फोनवरच सांगितलं की नवले पुलापासून नव्या कात्रज बोगद्यापर्यंत न्यायची असेल तरच येते. तिघांनी हो म्हटलं, एकाने तर गाडी घरीच पाठवली. हा रस्ता टेस्टसाठी एक नंबर आहे, लांबलचक चढ, ट्रकच्या रांगा, मधे मधे स्पीड तोडावा लागतो आणि परत उचलावा लागतो. बोगदा पार करून शिंदेवाडीच्या बाजूला जायचं आणि वळून परत यायचं. मात्र येताना तोच रस्ता उतार होतो आणि तिथे किती अपघात होतात ते पुण्यात कुणाला सांगायला नको, कृपा करून नवीन गाडीच्या उत्साहात तिथे वेगात उतरू नका आणि न्यूट्रलवर तर अजिबातच नको, गिअरमध्येच ठेवा.

यातल्या एका मॅन्युअल गाडीत जे झालं ते नीट सांगते कारण लॅग म्हणजे काय हे मला तिथे कळलं. पुढे सिमेंटच्या गोण्या भरलेला ट्रक होता, मी तिसऱ्यावर होते, तो अचानक हळू झाला म्हणून मीही हळू झाले, आरपीएमचा काटा १४०० च्या खाली आला. उजवीकडची लेन रिकामी दिसली म्हणून ॲक्सिलरेटर दाबला. काहीच झालं नाही! पाय खाली, इंजिनाचा घुं असा जड आवाज आणि गाडी तशीच रांगतेय. मनात एक, दोन मोजेपर्यंत काटा १८०० च्या पुढे गेला आणि मग एकदम मागून कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी सुटली. तोपर्यंत मागची इनोव्हा त्या लेनमध्ये आली होती. मी पाय काढला. शेजारी बसलेला सेल्सवाला म्हणाला, "दुसरा टाकायला पाहिजे होता ताई." त्याचं बरोबरच होतं, दुसरा टाकला असता तर हे झालं नसतं. पण सिंहगड रोडवर संध्याकाळी सात वाजता मी दिवसभराची दमलेली असताना दर चाळीस सेकंदांनी गाडीला योग्य गिअर शोधत बसणार का, हा प्रश्न मी तिथेच स्वतःला विचारला आणि उत्तर नाही असं आलं.

म्हणून माझं मत असं की टर्बो घेताना आधी गिअरबॉक्स ठरवा, मग इंजिन, मग कंपनी. मॅन्युअल आवडत असेल आणि हायवेच जास्त असेल तर जरूर घ्या, स्वस्तही पडते. पण पुण्याच्या ट्रॅफिकसाठी मला टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) ऑटोमॅटिक सगळ्यात पटली, कारण ती स्वतःच खालचा गिअर टाकते आणि लॅग बराचसा झाकते, शिवाय चढावर ब्रेक सोडला की हळूच पुढे सरकते. फ्रॉन्क्स टर्बो, स्कोडाची कायलॅक, महिंद्राची थ्री एक्स ओ या तिन्हींत ६ स्पीडचा हाच प्रकार मिळतो. निसानच्या मॅग्नाइट टर्बोमध्ये सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) आहे, तो शांत चालवणाऱ्यांना आवडेल. व्हेन्यू, सोनेट, आय२० एन लाइन यांत ७ स्पीड डीसीटी म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, गिअर फार चटकन पडतात, हायवेला मजा येते, पण ड्युअल क्लचच्या कुठल्याही गाडीत चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय सोडावी लागते, त्याने क्लच तापतात, ब्रेक लावूनच उभं राहायचं.

शेवटी घेतली कायलॅक ऑटोमॅटिक. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११५ पीएस, आणि ज्यासाठी घेतली ते म्हणजे १७८ एनएम, १७५० आरपीएमपासून. चाकणला बनते याचा माझ्या सासऱ्यांना फार अभिमान, पण मी घेतली ती दोन गोष्टींसाठी. एक, त्याच चढावर त्याच प्रकारच्या ट्रकमागून मी पाय दाबला आणि अर्ध्या क्षणात तिने गिअर खाली टाकून ओढ घेतली, धक्का नाही काही नाही. दुसरं म्हणजे सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटला आणि भारत एनकॅपच्या क्रॅश टेस्टमधले पाच स्टार. डिकी ४४६ लिटरची आहे, माहेरून येताना तांदळाचं पोतं, पेरूची पेटी आणि तीन बॅगा एकावर एक न ठेवता बसतात. मागच्या सीटवर कायम तिघं मोठी माणसं बसणार असतील तर मात्र तिघांना घेऊनच शोरूमला जा आणि दहा मिनिटं बसवून बघा, हे मी ४ मीटरच्या आतल्या कुठल्याही गाडीसाठी सांगेन. आमच्याकडे मागे दोन मोठी माणसं आणि मुलगी असते, चालतं. दसऱ्याला २ ऑक्टोबरला गाडी घरी आली, झेंडूचा हार घालून सारसबागेच्या गणपतीला नेऊन आणली. जीएसटी कमी होईपर्यंत थांबलो ते बरं केलं, वाचलेल्या पैशांत एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली.

ॲव्हरेजचं खरं सांगते. शहरात ११-१२, साताऱ्याला शांतपणे गेलं तर १७. टर्बोचं ॲव्हरेज तुमच्या उजव्या पायात असतं, दाबलात की पेट्रोल पिणारच, आणि आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असते, त्यामुळे ब्रोशरवरचा आकडा घरी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. ज्यांचं सगळं फिरणं कोथरूड ते डेक्कन एवढंच आहे त्यांनी टर्बोच्या मागे लागू नये असं मला मनापासून वाटतं. त्या अंतरात टर्बो धड जागाही होत नाही, साधं १.२ घ्या आणि वरचे पैसे चांगल्या टायरवर घाला.

आणि तेलाचं प्लीज मनावर घ्या. आमचे गॅरेजवाले काका वीस वर्षं गाड्या खोलतायत, त्यांनी मला एका जुन्या गाडीचा काढलेला टर्बो हातात दिला होता, मुठीत मावेल एवढा पंखा आणि दांडा काळा ठिक्कर, बोटाने हलवला तर खुळखुळ वाजत होता. म्हणाले, "ताई, हा मिनिटाला लाखाच्या वर फिरतो आणि फिरतो तो नुसत्या तेलाच्या थरावर. तेल जळलं की हा गेला." त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच सिंथेटिक तेल, वेळच्या वेळी, आणि गाडी कमी चालली तरी वर्षाला एकदा बदलायचंच. सकाळी स्टार्ट केल्या केल्या रेस करायची नाही. घाट चढून वर चहाला थांबलात तर लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू राहू द्या, तोपर्यंत टर्बो थोडा गार होतो. मी मुलीला तीस आकडे मोजायला सांगते, तिला आता सवयच लागलीये.

दिवाळीत पहिल्यांदा भरलेली गाडी घेऊन साताऱ्याला गेलो. खंबाटकीला एसी चालूच होता, दोन ट्रक आणि एक एसटी ओलांडली, काटा अडीच हजाराच्या आसपास. वर पोचल्यावर आरशात बघितलं तर सासूबाईंचे दोन्ही हात मांडीवर आणि डोळे मिटलेले, त्या पार घाटापलीकडच्या वेळे गावाच्या पुढे जाऊन जाग्या झाल्या आणि विचारलं, घाट कधी येणारे?