दुभाषी की स्वतःची सभा? बहिऱ्या सभासदांसाठी मंडळीने काय निवडावं

आमच्या पुण्यातल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हा विषय निघाला तेव्हा मी तिचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत होतो आणि जन्मापासून बहिऱ्या असलेल्या मुलीचा बापही होतो. म्हणून मी तटस्थ आहे असा दावा करत नाही. गेल्या काही वर्षांत आम्ही तीन मार्ग करून पाहिले: मोबाईलवर उमटणारा मजकूर, रविवारच्या उपासनेत दुभाषी, आणि बहिऱ्यांनीच चालवलेली सभा. आता दुसऱ्या मंडळ्यांतली माणसं विचारतात, कुठून सुरुवात करू? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

रॅम्पचा प्रश्न इथे घेत नाही, कारण त्यात निवडण्यासारखं काही नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबी आणि बाजूला कठडा, एवढं करायचंच. फक्त रॅम्प दारापाशी संपला आणि वेदीपुढच्या तीन पायऱ्या तशाच राहिल्या, तर चाकाच्या खुर्चीतला माणूस प्रभुभोजनाच्या वेळी एकटा खाली थांबतो. तेवढं पाहा.

मोबाईलचा मार्ग सर्वांत स्वस्त. लाइव्ह ट्रान्सक्राइबसारखं ॲप मराठी बऱ्यापैकी लिहितं. दगडी भिंती, घुमणारा आवाज, डोक्यावर पंखे असले की गडबडतं, आणि गीत सुरू झालं की त्याचा काही उपयोग नाही. तरी म्हातारपणी ज्यांचं ऐकणं गेलं त्यांच्यासाठी मी हाच मार्ग सुचवेन. त्यांची भाषा मराठीच आहे आणि सत्तरीत सांकेतिक भाषा शिकायला त्यांना कुणी सांगू नये. माझ्या आईला पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, उपदेशाचा कागद मोठ्या अक्षरांत आधीच देत. तिला तो ॲपपेक्षाही बरा वाटायचा.

माझ्या मुलीची गोष्ट वेगळी. तिची पहिली भाषा हातांची आहे, मराठी दुसरी. ‘तारण’, ‘नीतिमान ठरणे’ हे शब्द पडद्यावर आले म्हणून पोचले असं होत नाही. शिवाय सगळा वेळ नजर मांडीवरच्या मोबाईलकडे. पाळकांचा चेहरा नाही, वेदी नाही. एकदा शेजारच्या आजींनी, मोबाईल ठेव म्हणून, तिचा हातच धरला. आजींचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग दुभाषी आणला, आणि फरक पहिल्याच रविवारी दिसला. पण दुभाषी आणणार असाल तर तो पूर्ण विचाराने आणा. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नव्हे. तिचं व्याकरण वेगळं. ‘कुठे’, ‘का’ हे प्रश्नाचे शब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतात. म्हणून गीतं आणि उपदेशाचा मजकूर दुभाष्याच्या हाती दोन दिवस आधी पडला पाहिजे. येशूची खूण सोपी आहे, दोन्ही तळव्यांवरचे खिळ्यांचे व्रण दाखवायचे. ‘कृपा’ कशी दाखवायची यावर मात्र मुलगी आणि दुभाषी तासभर बोलत बसले होते. उपासना लांबली तर दोन दुभाषी हवेत. वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून उभे राहावं लागतं. जागा उपदेशकाजवळ हवी, खांबाआड नको. आणि नाताळच्या आदल्या रात्री मेणबत्त्या पेटवून दिवे मालवता, तेव्हा एक दिवा दुभाष्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर राहू द्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी तो राहिला नव्हता.

प्रशिक्षित दुभाषी मिळणंही सोपं नाही. डिप्लोमा दोन वर्षांचा. दिल्लीत सांकेतिक भाषेचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं तेच 2015 मध्ये. मोठी शहरं सोडली तर शोधाशोध करावी लागते.

हे सगळं आम्ही जमवलं होतं. माझं मत फिरलं ते उपासनेनंतरच्या चहामुळे.

दुभाष्याचं काम आशीर्वादापर्यंत. त्यानंतर त्याला दुसरीकडे जायचं असायचं, त्यात गैर काही नाही. पण मंडळी खरी भेटते ती त्या पुढच्या वीस मिनिटांत. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं, कुणाचं ऑपरेशन झालं, तरुण संघाची सहल कधी, सगळं कप हातात घेऊन बोललं जातं. माझी मुलगी सूचना फलकाजवळ उभी राहायची. लोक येऊन हसायचे, ‘सलाम’ म्हणायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि पुढे जायचे. ती एकच सूचना पुन्हा पुन्हा वाचायची. दीड वर्ष मी हे दर रविवारी पाहिलं. उपदेशाचा शब्द न् शब्द तिला कळत होता, आणि मंडळीत तिला ओळखणारं कुणी नव्हतं.

तिसरा मार्ग तिनेच सुचवला. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजता, आमच्याच इमारतीत. बाका गोलात लावतात, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसतात. वचन बहिरा माणूस समजावतो, प्रार्थना उघड्या डोळ्यांनी होते, आणि मध्येच कुणीही थांबवून विचारतं. पाळकसाहेब येतात तेव्हा त्यांच्यासाठी दुभाषी बसतो.

कमिटीत शंका निघाली की उपदेश शिकवणार कोण, त्यांना शास्त्र नीट कसं कळणार? मराठी ख्रिस्ती माणसाने तरी ही शंका घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टरकीसाठी. कमी ऐकू येतं म्हणून ती वाट बंद झाली. त्याच बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. दुसरी हरकत होती की वेगळी सभा म्हणजे मंडळीत फूट. यावर मुलीने बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय उघडून दाखवला. ‘इप्फाथा’, म्हणजे ‘मोकळा हो’, म्हणण्याआधी प्रभू येशू तिथल्या एका बहिऱ्याला गर्दीतून एकीकडे नेतो, आणि आधी स्पर्शाने बोलतो.

या मार्गाच्या अडचणी लपवत नाही. गावात बहिरे दोघेच असतील तर सभा उभी राहणार नाही. तिथे संडे स्कूलपासून चार-चार खुणा शिकायला लागा आणि मजकूर आधी हाती द्या. घरातले एकत्र बसत नाहीत, याचं माझ्या पत्नीला अजून वाईट वाटतं. आणि ‘तुमची सभा आहे ना’ असं म्हणून मुख्य उपासनेतला दुभाषी बंद करायचा मोह कमिटीला होतो. तो करू नका. माझ्या आईच्या अंत्यविधीला दुभाषी होता, म्हणून आजीबद्दल कोण काय बोललं ते मुलीला त्याच वेळी कळलं. लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी, नाताळ यांना दुभाषी हवाच.

पण पैसा आणि माणसं एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर आमच्या अनुभवापुरतं सांगतो, आधी सभा उभी करा. आमच्याकडे सुरुवातीला सात जण यायचे. तासाभराची उपासना संपली की पाच वाजता चहा होतो, आणि सातला कुणी हललेलं नसतं. रखवालदार दिवे मालवायचा, तेव्हा सगळे फाटकाबाहेर रस्त्यावरच्या दिव्याखाली जाऊन बोलत उभे राहायचे, कारण अंधारात बोलणं दिसत नाही. मागच्या बैठकीत कमिटीने ठरवलं की तिसऱ्या रविवारी व्हरांड्यातला दिवा रात्री नऊपर्यंत चालू राहील.