सांगलीच्या उन्हाळ्यात तंबूतली शेती : घरगुती हायड्रोपोनिक संचाचा आठ महिन्यांचा अनुभव

गावभागातल्या आमच्या जुन्या घराचे परसदार २०१९ च्या महापुरात चिखलाखाली गेले आणि त्यानंतर आम्ही विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. या सदनिकेला एकच बाल्कनी आहे आणि तीही उत्तरेकडे, त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तिच्यात थेट ऊन म्हणून येत नाही. कुंडीतली तुळससुद्धा लांबुडकी होऊन एका बाजूला कलू लागली, तेव्हा मातीशिवाय आणि उन्हाशिवाय पालेभाजी वाढवण्याचा हा तंबूसंच मागवला. गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो उभा केला आणि आता मे महिन्यात हे परीक्षण लिहितो आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण हेच कापड, हाच दिवा आणि हाच टब चार-पाच वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांतून विकला जातो. खोके बदलले तरी पुढे लिहिलेले गुणदोष बदलणार नाहीत.

मी १३,८०० रुपये मोजले. त्यात ६० बाय ६० सेंटिमीटर तळाचा आणि १४० सेंटिमीटर उंचीचा तंबू, एलईडीचा दिवा, चार इंची एक्झॉस्ट पंखा, टायमर, आठ छिद्रांचे झाकण असलेला २५ लिटरचा टब, माशांच्या टाकीला असतो तसला हवेचा पंप, एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड), नेटपॉट (रोप बसवायच्या जाळीदार कुंड्या), भाजक्या मातीच्या गोळ्या, खताच्या 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्या, पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) कमी करण्याचे द्रावण आणि पीएच मोजण्याचा पेन एवढे सामान येते. रचना साधी आहे. झाकणातल्या छिद्रांत रोपे बसतात, मुळे खालच्या खतपाण्यात लोंबतात आणि पंप त्या पाण्यात सतत हवा सोडत राहतो, जेणेकरून मुळांना श्वास घेता यावा.

तंबूबद्दल तक्रार नाही. जोडणीला दोन माणसे आणि दीड तास लागतो; कापड आधी जमिनीवर पसरून तळाची चौकट त्यात बसवावी, मग उभे नळ, मग छत, आणि चेन अगदी शेवटी कापडाच्या दोन्ही कडा हाताने जवळ ओढून लावावी, नाहीतर कोपऱ्यात ती हमखास अडकते. आतल्या चंदेरी अस्तरामुळे दिव्याचा उजेड वाया न जाता बाजूंनीही रोपांवर पडतो. पहिले तीन-चार दिवस प्लॅस्टिकचा उग्र वास येतो, तेवढे दिवस तंबू उघडा ठेवावा. रात्री चेनच्या फटीतून पडणारा पांढराशुभ्र उजेड पाहून शेजारच्या मुलाने हळूच विचारले, "काका, आत नक्की काय लावलंय?" त्याला बोलावून लेट्यूसची रोपे दाखवली, तेव्हा तो थोडा निराशच झाल्यासारखा वाटला.

दिव्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१००० वॅट' असे छापलेले आहे. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर तो प्रत्यक्षात ९८ वॅट घेतो असे दिसले. दिवा वाईट नाही, उलट एवढ्या जागेतल्या पालेभाजीला तो पुरेसा आहे. परंतु वॅट म्हणजे दिवा खात असलेली वीज, आणि त्या आकड्याशी असा खेळ करण्याचे काहीच कारण नव्हते. दिवा १४ तास, त्याच्याबरोबरच चालणारा २५ वॅटचा पंखा आणि चोवीस तास चालणारा ५ वॅटचा पंप मिळून दिवसाला सुमारे १.८४ युनिट, म्हणजे महिन्याला ५५-५६ युनिट वीज जाते. ज्यांचा महिन्याचा वापर १०० युनिटच्या आत आहे त्यांनी हा हिशेब खरेदीपूर्वीच करावा, कारण महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरचा टप्पा बराच महाग आहे.

आता संचातील सर्वांत मोठ्या उणिवेकडे येतो. माहितीपत्रकातल्या चित्रात हवेचा पंप टबाशेजारी जमिनीवर ठेवलेला दाखवला आहे आणि मी तो तसाच ठेवला. ऑक्टोबरमध्ये एका पहाटे वीज गेली. पंप थांबला, आणि टबाच्या तळापर्यंत गेलेल्या हवेच्या नळीतून पाणी उलटे चढून, पंपातून झिरपत, फरशीवर उतरू लागले. सकाळी सहाला उठलो तेव्हा टब निम्मा रिकामा होता, पाणी दिवाणाखाली गेले होते आणि विजेचा एक्स्टेंशन बोर्ड त्या पाण्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर होता. पाण्याची पातळी पंपापेक्षा उंच असेल तर वीज जाताच असे होऊ शकते. यावरचा उपाय म्हणजे नळीत बसवायचा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे हवा पुढे जाऊ देणारी पण पाणी उलटे येऊ न देणारी झडप. माशांच्या दुकानात तो मला ३० रुपयांना मिळाला. जवळपास चौदा हजारांच्या संचात ३० रुपयांची ही वस्तू नसावी, आणि वर चित्रही चुकीचे असावे, याला मी निष्काळजीपणाच म्हणेन. विक्रेत्याच्या मदत क्रमांकावर कळवले असता 'पंप उंचावर ठेवा' एवढेच उत्तर मिळाले. सल्ला बरोबर आहे, तो चित्रात असायला हवा होता. आता पंप टबापेक्षा उंच फळीवर आहे, बोर्ड भिंतीला टांगला आहे, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवला आहे, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता खाली टपकते.

खताच्या बाटल्यांची गोष्ट वेगळी आहे; तिथे चूक माझीच होती. घाईघाईत दोन्ही बाटल्यांतले द्रव एकाच मगमध्ये ओतले आणि बघता बघता मगात ताक घुसळल्यासारखा पांढरा गढूळपणा आला. त्या रविवारी तासगावहून आमचे मेहुणे आले होते. त्यांचा द्राक्षबाग सांभाळण्यात जन्म गेला. त्यांनी मग उचलून पाहिला आणि म्हणाले, "दाजी, काय केलंसा हे? कॅल्शियम आणि बारा-एकसष्ट एका टाकीत कुणी घालतं का?" बारा-एकसष्ट म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट हे खत. कॅल्शियम नायट्रेटमधला कॅल्शियम हा दाट द्रावणात सल्फेट किंवा फॉस्फेट भेटला की त्याच्याशी जोडला जाऊन न विरघळणारा साका तयार करतो, ठिबकच्या नळ्या चोंदतात त्या यामुळेच, आणि 'ए' व 'बी' अशा दोन बाटल्या असतात त्याही यासाठीच. 'ए' आधी टबभर पाण्यात ढवळून मग 'बी' घातले, तर दोन्ही पुरेसे पातळ झालेले असल्यामुळे साका बसत नाही.

त्या बाटल्या दोन महिन्यांत संपल्या आणि पुन्हा मागवायला गेलो तर किंमत पाहून थबकलो. मेहुण्यांच्या मते त्यात असे काही नाही जे तासगावच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळत नाही, आणि ते खरे ठरले. २० लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट १२ ग्रॅम, तेरा-शून्य-पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट) ६ ग्रॅम, शून्य-बावन्न-चौतीस (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) ३ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ६ ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण अर्धा ग्रॅम, प्रत्येक वेगळे विरघळवून आणि एकामागून एक टबात ढवळून घातले की लेट्यूसला पुरेल असे, साधारण १.४ ईसीचे (ईसी म्हणजे विद्युतवाहकता, पाण्यात किती क्षार विरघळले आहेत ते सांगणारा आकडा) द्रावण होते. सोनाराकडे असतो तसा लहान इलेक्ट्रॉनिक काटा मात्र हवा. एक सावधगिरी सांगतो : एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे एकच खत घालून काम भागेल असे समजू नये, कारण त्यात कॅल्शियम नसतो आणि त्यातला बराचसा नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरिया पिकाला घेता येईल अशा रूपात आणतात. टबातल्या स्वच्छ पाण्यात ती सोय नसते.

ईसी मीटर संचात दिलेला नाही, हेही उणेच. पाणी हा आमच्या भागातला कळीचा प्रश्न आहे. आमच्या इमारतीत कृष्णेच्या नळपाण्यात बोअरचे पाणी मिसळते. खत घालण्यापूर्वीच त्याची ईसी १.१ भरली आणि एकट्या बोअरच्या पाण्याची तर १.७. असे क्षारयुक्त पाणी वापरले तर खताला जागाच उरत नाही आणि पानांच्या कडा करपतात, म्हणून मी घरच्या आरओचे पाणी वापरतो. रोज सकाळी मीटर बुडवून पाहिले की रोपे काय म्हणताहेत ते कळते : पाण्याची पातळी खाली जाऊन ईसी वाढत असेल तर रोप खतापेक्षा पाणी अधिक पीत आहे, अशा वेळी साधे पाणी घालावे, पातळीबरोबर ईसीही उतरत असेल तर खत वाढवावे. पीएच ५.५ ते ६.५ मध्ये ठेवावा लागतो. त्यासाठी दिलेला पेन पहिल्याच दिवशी ७.४ दाखवत होता, पण सोबतच्या ४.०१ आणि ६.८६ च्या पुड्यांचे द्रावण करून तो जुळवल्यावर तेच पाणी ६.३ निघाले. पेनचे टोक कोरडे पडू दिले तर पेन कायमचा बिघडतो. माझा जानेवारीत असाच गेला.

थंडीतले पीक उत्तम आले, हे मोकळ्या मनाने लिहितो. रोपे टबात लावल्यापासून ४२ दिवसांत आठ गड्डे, मिळून ११०० ग्रॅमच्या आसपास, एकही कीड नाही, मातीचा कण नाही. डिसेंबरमधल्या दुसऱ्या पिकात झाकण उचलून मुळे पाहिली तेव्हा ती दह्याच्या विरजणासारखी पांढरीशुभ्र होती आणि एअर स्टोनच्या बुडबुड्यांत हलत होती. बेसिल आणि सेलरीही चांगली झाली. कोथिंबिरीने मात्र दोनदा निराश केले, आणि मंडईत जुडी मिळत असताना तिच्यासाठी दिवा जाळण्यात तसेही शहाणपण नाही. खोक्यावर लालभडक टोमॅटो आणि स्ट्रॉबेरी छापल्या आहेत. ६० सेंटिमीटरच्या या तंबूत त्यांचा नाद करू नये.

मार्चच्या मध्यापासून चित्र पालटले. तंबू उजेडाची अडचण सोडवतो आणि उष्णतेची निर्माण करतो, कारण दिव्याची ९८ वॅट वीज अखेर उष्णताच होऊन त्या बंद कपाटात साठते आणि पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली ३५ अंशांवर असेल तर तंबू ३५ च्या खाली जाणे शक्यच नाही. लेट्यूसला पाणी २० अंशांच्या आसपास लागते. माझ्या टबातले पाणी दुपारी ३१ अंशांवर गेले. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि मुळे कुजवणाऱ्या पिथियम या बुरशीसदृश सूक्ष्मजीवाचे फावते. आठ दिवसांत ती विरजणासारखी मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झाली, टबाला गटारासारखा वास येऊ लागला, आणि टबात पाणी असूनही पाने माना टाकून बसली.

मी दोन गोष्टी केल्या. टायमर उलटा लावून दिवा संध्याकाळी सात ते सकाळी नऊ असा ठेवला, म्हणजे दिव्याची उष्णता दुपारच्या उष्णतेवर चढत नाही. आणि रोज दुपारी गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या टबात सोडल्या. पाणी २६-२७ अंशांपर्यंत उतरले. टब धुऊन नव्याने लावलेली आठपैकी पाच रोपे जगली, पण ती कोवळ्या वयातच तुऱ्यावर आली आणि पाने कडू झाली. एसीच्या खोलीत तंबू ठेवणे हा उपाय असू शकतो, परंतु मग त्या लेट्यूसचा हिशेब कुणाला दाखवू नये. थंडीतल्या पिकालाही अकराशे ग्रॅम पाल्यामागे ७७ युनिट वीज लागलीच होती.

ज्यांच्याकडे गच्ची आहे किंवा दक्षिणेची बाल्कनी आहे, त्यांना या तंबूची गरज नाही. टब, पंप आणि झाकण यांवर त्यांचे काम निम्म्याहून कमी खर्चात होईल. माझ्यासारखी अंधारी सदनिका असेल आणि रोज सकाळी दहा मिनिटे मीटर घेऊन बसण्याची आवड असेल, तर संच घ्यावा, पण दिवाळीच्या सुमारास, आणि त्याबरोबर व्हॉल्व्ह, ईसी मीटर व काटा स्वतंत्रपणे घ्यावेत. पाचापैकी मी तीन तारे देतो. व्हॉल्व्ह आत असता आणि दिव्यावर खरा आकडा असता तर चार दिले असते. सध्या टब धुऊन माळ्यावर टाकला आहे. तंबूची चेन काढून ठेवली आहे, आणि आमच्या घरच्यांनी त्यात उन्हाळी पापड-कुरडयांचे डबे रचले आहेत, ते ऑक्टोबरपर्यंत तिथेच राहतील असे मला बजावण्यात आले आहे.